गाठींची मोजदाद करणारा माणूस

मराठी माणसाला गाठीचे दोनच प्रकार माहीत. सुरगाठ आणि निरगाठ. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, आणि नखं दुखेपर्यंत झगडलं तरी सुटत नाही ती निरगाठ. बुटाच्या नाडीपासून गावाहून आलेल्या खाऊच्या पिशवीपर्यंत आपलं सगळं या दोघींवर भागतं. तिसरा प्रकार विचारलात तर हॉस्टेलवर एकच उत्तर मिळेल, लग्नगाठ. आणि तिची काळजी निदान सबमिशन संपेपर्यंत तरी नको!

अशा आपल्यासारख्यांना कोणी सांगितलं, की एका माणसाने गाठींवर सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं, त्यात ३,८५४ पर्यंत क्रमांक दिले, सुमारे ७,००० चित्रं स्वतःच्या हाताने काढली आणि या सगळ्यात ११ वर्षं घालवली, तर पहिला प्रश्न काय पडेल? याला दुसरा उद्योग नव्हता का? मलाही तोच पडला होता. पण त्याच्याबद्दल वाचत गेलो आणि लक्षात आलं, की हा माणूस गाठी जमवत नव्हता. तो एक बुडणारं जग वाचवत होता.

त्याचं नाव क्लिफर्ड वॉरेन अ‍ॅशली. जन्म १८ डिसेंबर १८८१, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं न्यू बेडफर्ड हे बंदर. 'मोबी डिक' कादंबरी सुरू होते ते हेच गाव. एके काळी देवमाशांच्या शिकारीसाठी ते जगात पहिल्या नंबरचं बंदर होतं. देवमाशाच्या तेलावर तेव्हा दिवे जळत आणि यंत्रं वंगण घेत. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल निघालं, घरोघरी रॉकेल आलं आणि या धंद्याला उतरती कळा लागली. म्हणजे अ‍ॅशली जन्मला तेव्हा गावाचं वैभव ओसरत चाललं होतं. मात्र ज्यांनी ते वैभव पाहिलं होतं, ती माणसं अजून धक्क्यावर बसलेली होती. तीन-तीन, चार-चार वर्षं समुद्रावर काढलेले खलाशी, शिडं शिवणारे, दोर वळणारे. पोराला गाठींची पहिली ओळख झाली ती अशा वातावरणात.

पुढे तो खलाशी झाला नाही, चित्रकार झाला. हॉवर्ड पाइल हे त्या काळचे अमेरिकेतले मोठे पुस्तक-चित्रकार, समुद्री चाच्यांची चित्रं काढण्यात तर हात धरणारा कोणी नाही. विल्मिंग्टनला त्यांच्याकडे अ‍ॅशली शिकला. पुढे नावाला आलेला एन. सी. वायथ हा त्याच्या बरोबरीचा. पाइल यांच्या शिकवणीचा सारांश असा, की जे काढायचं ते आधी जगून बघा. ही शिकवण अ‍ॅशलीने किती मनावर घेतली ते १९०४ साली दिसलं. 'हार्पर्स' मासिकासाठी तो न्यू बेडफर्डच्या 'सनबीम' नावाच्या शिकारी गलबतावर चढला आणि काही आठवडे खलाशांबरोबर राहिला. त्यावरचे त्याचे सचित्र लेख १९०६ मध्ये छापून आले.

त्या गलबतावर दोर म्हणजे काय चीज आहे ते त्याला कळलं असणार. देवमाशाला भाला लागला की मासा खोल बुडी मारतो किंवा पळत सुटतो. भाल्याला बांधलेला दोर टबात व्यवस्थित वेटोळी घालून ठेवलेला असतो, तो सुसाट बाहेर जाऊ लागतो. त्यात कोणाचा हात किंवा पाय अडकला तर तो माणूस दोराबरोबर पाण्यात. होडीच्या मागच्या टोकाला एक आखूड जाड खुंट असतो. दोराला त्याच्याभोवती एक-दोन वेढे दिलेले असतात, आणि त्या वेढ्यांच्या जोरावर एक माणूस काही टनांच्या जनावराला लगाम घालतो. दोर इतका तापतो, की त्यावर पाणी ओतत राहावं लागतं.

मित्रहो, हे वाचताना काही आठवलं का? फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं बेल्ट फ्रिक्शन! ते सूत्र आपण व्हायवाच्या आदल्या रात्री घोकलं आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. घर्षणांक ०.३ धरा. खुंटाभोवती एक पूर्ण वेढा दिला तर दोन टोकांच्या ताणात साडेसहा पटींचा फरक पडतो. दोन वेढ्यांना ४३ पट आणि तीन वेढ्यांना जवळजवळ २८५ पट. म्हणजे या टोकाला १० किलोचा जोर लावणारा पोरगा त्या टोकाचे पावणेतीन टन थोपवू शकतो. गाठ म्हणजे तरी दुसरं काय? दोराने दोरावर दिलेले वेढे आणि त्यांच्यातलं घर्षण. गोंद नाही, खिळा नाही, वेल्डिंग नाही. भार जितका वाढेल तितकी आवळत जाणारी, आणि काम संपल्यावर हाताने सुटणारी अशी ही जोडणी आहे. ते खलाशी कोणत्याही कॉलेजात गेले नव्हते, पण घर्षण त्यांच्या बोटांना पाठ होतं.

इथेच अ‍ॅशलीला खरी अडचण दिसली. हे ज्ञान बोटांत होतं, कागदावर फारच थोडं होतं. शिडाची जहाजं जात होती, वाफेची येत होती. १९२४ च्या ऑगस्टमध्ये 'वाँडरर' हे जुनं शिकारी गलबत न्यू बेडफर्डहून निघालं आणि वादळात जवळच्याच कटीहंक बेटावर फुटलं. तोवर तो धंदा संपल्यातच जमा होता. माणूस मेला की त्याच्याबरोबर त्याच्या बोटांतली गाठ जात होती. अ‍ॅशलीने आधी शिकारी जहाजांवर १९२६ साली 'द यांकी व्हेलर' हे पुस्तक लिहिलं. मग तो गाठींकडे पूर्ण वळला.

त्याची पद्धत आपल्या प्रोजेक्टवाल्यांनी बघण्यासारखी आहे. त्याने नुसती जुनी पुस्तकं चाळली नाहीत. तो खलाशांकडे गेला, तसाच खाटकांकडे, विणकरांकडे, चांभारांकडे, उंच मनोऱ्यांवर चढून काम करणाऱ्यांकडे आणि सर्कसवाल्यांकडेही गेला. त्याच्या पुस्तकात धंद्यांच्या नावांनुसार गाठी लावलेलं एक आख्खं प्रकरण आहे. गाठ कशी दिसते, कोण वापरतं, कशासाठी वापरतं आणि कशी बांधायची, एवढं सगळं तो लिहून घेई. मग स्वतः बांधून बघे आणि मगच चित्र काढी.

त्याच्या चौकसपणाचा एक किस्सा मला फार आवडतो. १९१० च्या सुमारास कालवं काढणाऱ्या होड्यांवर त्याला दुरून एक गाठ दिसली. दोराच्या टोकाला मारलेली, चांगली जाडजूड. दोर भोकातून निसटू नये म्हणून टोकाला गाठ मारतात, तशी. ती त्याच्या ओळखीची नव्हती. घरी येऊन तो खटपट करत बसला आणि तशी दिसणारी एक गाठ त्याने जमवली. नंतर केव्हातरी मूळ गाठ जवळून पाहायला मिळाली, तर ती साधी इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ निघाली! पाणी पिऊन दोर फुगला होता, म्हणून ती वेगळी वाटली होती. पण तोवर याच्या हातून एक नवी आणि जास्त चांगली गाठ जन्माला आली होती. त्याच्या पुस्तकात ती ५२६ क्रमांकावर आहे आणि आज जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते.

अ‍ॅशलीने आणखी एक फार मोलाची गोष्ट केली. गाठीची ताकद आणि गाठीचा भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने ठासून मांडलं. ताकद म्हणजे दोर किती भाराला तुटतो. कोणत्याही गाठीने दोर कमजोरच होतो, कारण तो तीव्र वळतो आणि वळणाच्या बाहेरच्या तंतूंवर जास्त ताण येतो. गाठ मारलेल्या दोरात ढोबळमानाने निम्मी ते दोन तृतीयांश ताकद उरते. भरवसा म्हणजे गाठ सरकते की नाही, आणि तो प्रश्न अगदी निराळा. न तुटणारी गाठ सरकू शकते आणि न सरकणारी गाठ दोर कमजोर करू शकते. गुळगुळीत लोकरी धाग्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या गाठींनी जोडून, त्यांना सारखे झटके देऊन, कितव्या झटक्याला गाठ सुटते हे त्याने मोजलं. काही गाठी दोन-तीन झटक्यांत गेल्या, तर काही शंभर झटक्यांनाही बधल्या नाहीत. मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये आपण याहून वेगळं काय करतो?

यातून जी शिस्त निघते ती होडीवर जाणाऱ्याने, मासे धरणाऱ्याने आणि खरं तर टेम्पोवर गाद्या बांधणाऱ्यानेही लक्षात ठेवावी. आधी गाठ निवडायची नाही, आधी काम विचारायचं. कामं मुख्यतः चार. दोराचं टोक निसटू द्यायचं नाही, दोन दोर जोडायचे आहेत, दोर एखाद्या वस्तूला बांधायचा आहे, किंवा न आवळणारा फास हवा आहे.

टोकासाठी आठच्या आकड्याची गाठ. ती भरीव असते आणि भार आल्यावरही सोडवता येते.

दोन दोर जोडायला शीट बेंड. एका दोराचं टोक दुमडून वळण करायचं. दुसरा दोर त्या वळणातून खालून वर आणायचा, वळणाच्या दोन्ही पदरांच्या मागून फिरवायचा आणि स्वतःच्याच खालून काढून आवळायचा. दोर कमी-जास्त जाडीचे असतील तर जाड दोर दुमडायचा आणि बारीक दोर फिरवायचा. दोर निसरडा असेल तर मागून एक वेढा जास्त.

होडी धक्क्याच्या कडीला किंवा खांबाला बांधायची तर आधी पूर्ण दीड वेढा आणि मग दोन अर्ध्या गाठी. भार वेढे घेतात, अर्ध्या गाठी फक्त राखण करतात. म्हणून दोरावर ताण असतानाही ती सोडता येते. नुसता क्लोव्ह हिच पटकन बसतो खरा, पण होडी हेलकावे खाऊ लागली आणि ओढ इकडून तिकडे बदलू लागली की तो सैल पडतो. नांगराच्या कडीला मात्र पहिली अर्धी गाठ त्या वेढ्यांच्या खालून काढायची. ओल्या दोरात ती पक्की बसते.

आणि फासासाठी बोलाइन, अ‍ॅशलीचा क्रमांक १०१०. स्काउटवाल्या पोरांना तिची गोष्ट माहीत असेल. दोरात एक लहान कडं करायचं, ते ससोबाचं बीळ. दोराचा लांब भाग म्हणजे झाड. टोक म्हणजे ससा. ससा बिळातून वर येतो, झाडाला मागून वळसा घालतो आणि परत त्याच बिळात शिरतो. आवळा, झालं. हा फास भार आल्यावर आवळत नाही, म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाच्या छातीभोवती टाकता येतो. काम झाल्यावर सहज सुटतोही. पण भार नसताना हिंदकळत राहिला तर सैल होतो, म्हणून टोक लांब ठेवायचं आणि जिवाचा प्रश्न असेल तर जादा गाठ मारायची.

आता आपल्या लाडक्या गाठीबद्दल. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर, अशी जी चापूनचोपून बसणारी गाठ आपण कुठेही मारतो, ती रीफ नॉट. शीड गुंडाळून बांधण्यासाठी ती उत्तम, कारण खालून शिडाचा आधार असतो आणि एक टोक हिसडलं की ती झटकन सुटते. नेमक्या याच गुणामुळे दोन दोर जोडायला ती घातक. एक टोक कुठे अडकून ओढलं गेलं, की गाठ उलटते आणि घसरत मोकळी होते. दोर जोडायला वापरल्यामुळे या एका गाठीने बाकी सगळ्या गाठींनी मिळून घेतले नसतील इतके बळी घेतले असावेत, असं अ‍ॅशलीचं मत होतं. आणि तीच गाठ दोन्ही वेळा उजवं डाव्यावर अशी मारली, तर ती ग्रॅनी. दोन-तीन झटक्यांत हार मानणाऱ्यांमध्ये तीही होती. गाठ वाईट नसते, जागा चुकलेली असते. आपल्या डिझाइनच्या सरांना हे वाक्य आवडेल!

माझं आजोळ हर्णै बंदराजवळचं. मामा मासेमारी करतो. दिवाळीच्या सुट्टीत मी अ‍ॅशलीच्या पुस्तकातल्या पहिल्या क्रमांकाच्या गाठीचं चित्र त्याच्यापुढे धरलं. पहिला क्रमांक आहे वर सांगितलेल्या शीट बेंडचा. मामा ओटीवर जाळं सांधत बसला होता. त्याने चित्राकडे एकदा पाहिलं आणि हातातलं जाळं माझ्या मांडीवर टाकलं. जाळ्याच्या प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात तीच गाठ होती! गाठ सरकली तर चौकोन लहान-मोठे होतील आणि मासा निसटेल, म्हणून जगभरच्या जाळ्यांत हीच गाठ. विणकर तुटलेला धागा जोडतो तीही याच बांधणीची. आणखी गंमत म्हणजे बोलाइनची बांधणीही हीच आहे, फक्त भार वेगळ्या टोकांवर येतो.

मी मामाला गाठीचं नाव विचारलं. त्याच्या लेखी तिला नाव नव्हतं. जाळ्याची गाठ, बस. पण त्याने एक माहिती दिली, जी अ‍ॅशलीच्या वेळी फारशी कोणाला नसणार. आजोबांच्या वेळी जाळी सुताची होती, तेव्हा एकेरी गाठ पुरायची. नायलॉन आलं तशी ती सरकायला लागली, म्हणून दुहेरी गाठ मारायची वेळ आली. अ‍ॅशलीचं पुस्तक ताग, मनिला आणि सुताच्या दोरांच्या जगातलं, आणि ते दोर खरखरीत. नायलॉनचा घर्षणांक कमी आणि अंग ताठ. म्हणून गळाच्या नायलॉन तंगुसाला पाच-सहा वेढ्यांच्या गाठी लागतात आणि आवळण्याआधी गाठ ओली करावी लागते, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो. दोर बदलला की गाठ पुन्हा तपासायची, हा धडा मला पुस्तकातून नाही, मामाकडून मिळाला.

'द अ‍ॅशली बुक ऑफ नॉट्स' १९४४ साली प्रसिद्ध झालं, दुसरं महायुद्ध चालू असताना. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८ सप्टेंबर १९४७ रोजी अ‍ॅशली वारला. वय ६५. पुस्तक मात्र जिवंत राहिलं. आज दोन देशांतले दोन गाठवेडे भेटले तर ते नावांवर भांडत बसत नाहीत, अ‍ॅशलीचा क्रमांक सांगतात. आपला आयएस कोड असतो ना, तसंच. अ‍ॅनी प्रू यांच्या पुलित्झर मिळालेल्या 'द शिपिंग न्यूज' कादंबरीतही या पुस्तकाचा आधार घेतलेला आहे.

पुस्तक परिपूर्ण आहे असं मुळीच नाही. १२४९ क्रमांकाची, पिशवीचं तोंड करकचून आवळणारी गाठ आपण शोधली असं अ‍ॅशलीला वाटत होतं. ती उत्तर युरोपातल्या पुस्तकांत आधीच आलेली होती. १९७८ साली एडवर्ड हंटर या इंग्लिश डॉक्टरांची नवी गाठ लंडनच्या 'टाइम्स'ने पहिल्या पानावर छापली. त्यावरून इतकी चर्चा झाली, की १९८२ मध्ये गाठी बांधणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. मग कळलं, की ती गाठ एका अमेरिकन लेखकाने १९५० च्या दशकातच छापली होती. पुढे १९९१ च्या सुधारित आवृत्तीत अ‍ॅशलीच्या चुका दुरुस्त झाल्या आणि हंटरची गाठही त्यात आली. मला यात अ‍ॅशलीचा कमीपणा वाटत नाही. त्याने सगळं नीट लिहून, क्रमांक देऊन ठेवलं, म्हणून तर नवं काय आणि जुनं काय ते ठरवता आलं. लिहिलेलं चुकलं तर दुरुस्त करता येतं. न लिहिलेलं नुसतं नाहीसं होतं.

आता जरा आपल्याकडे पाहू. आपल्या भाषेत दोराला किती नावं आहेत. सुतळी, काथ्या, दावं, कासरा, चऱ्हाट, नाडा. जिथे दोराला इतकी नावं, तिथे गाठी काय दोनच असतील? बैलाचं दावं खुंट्याला बांधायची गाठ वेगळी, पोहऱ्याची वेगळी, गाडीवर कडबा आवळायची वेगळी, पाळण्याची वेगळी. त्या सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या बोटांत आहेत, आणि ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. बैल गेले, ट्रॅक्टर आले. न्यू बेडफर्डला झालं तेच आपल्या गावात होतंय, फक्त आपल्याकडे कोणी अ‍ॅशली अजून धक्क्यावर गेलेला नाही.

या हॉस्टेलमध्ये कोकणातले आहेत, विदर्भातले आहेत, खानदेशातले आहेत. येत्या सुट्टीत घरी गेलात तर एक हात दोर घ्या आणि आजोबांच्या किंवा मामाच्या हातात द्या. ते काय करतात ते बघा, आपल्या हाताने बांधून बघा आणि वहीत चित्र काढा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. खाली गाव, काम आणि दोर कशाचा ते लिहा. मी जाळ्याच्या गाठीपासून सुरुवात केली आहे. माझ्या वहीत आतापर्यंत अकरा झाल्या. ३,८५४ ला अजून वेळ आहे!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी